जुन्या फियाटचा इंडिकेटर



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली की, टॅक्सीवाल्यांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने कामगार चळवळीच्या भवितव्यावर बोलावे. भवितव्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे शिक्षणही माझ्याहून अधिक झालेले आहे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातली पुस्तके वाचून आणि गॅरेजात मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून. म्हणून मी उलट कळविले की, जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या दांड्यावरचा इंडिकेटरचा स्विच मध्यावर कसा बसवावा, एवढ्यावरच मी बोलेन. त्यांनी हो म्हटले, हा त्यांचा मोठेपणा.

मोटार म्हणजे माझ्या दृष्टीने फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने निघू लागलेली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, असे दोन पिढ्यांचे समीकरण होते. २००३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. आता या गाड्या हौशी लोकांकडे आहेत. हौशी माणूस रंग लावतो, क्रोम चकचकीत करतो, शिटे नवी शिवून घेतो; इंडिकेटर मात्र एका बाजूचा लागतो आणि दुसऱ्या बाजूचा राहून जातो, त्याला तो 'जुनी गाडी आहे, चालायचेच' म्हणून हसतो. माझे आजचे भांडण या 'चालायचेच'शी आहे.

वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद व्हावा, ही सोय काही मोटारीबरोबर जन्मलेली नाही. आधी ड्रायव्हर हात बाहेर काढीत. मग काही गाड्यांच्या दारालगतच्या खांबातून छोटासा दिव्याचा हात बाहेर पडू लागला. अमेरिकेत ब्यूक गाडीला १९३९ साली लुकलुकणारे दिवे आले आणि दुसऱ्याच वर्षी ते आपोआप बंद होण्याची व्यवस्था आली. ती व्यवस्था आजही मुळात तीच आहे आणि इतकी साधी आहे की, मी ती हातांनी दाखवू शकेन.

हा माझा डावा हात पाहा. ही दोन बोटे वर उभी आहेत. या स्विचमधल्या दोन जिभा, एक डावीची, एक उजवीची. उजव्या हाताचे हे एक बोट म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पिन; कुठे ती चाकाच्या बुंध्यात असते, कुठे खालच्या दांड्यावरच्या कड्याला. गाडी सरळ चालली असता पिन या दोन जिभांच्या बरोबर मध्ये असते. मी डावीकडचा इशारा दिला की डावी जीभ पुढे येते. चाक डावीकडे फिरविले की पिन त्या जिभेला ढकलून पलीकडे जाते. जिभेला स्प्रिंग असल्यामुळे ती वाट देते. चाक परतताना मात्र पिन तिला उलट बाजूने अडकते, ठोका बसतो आणि दांडी मध्यावर येते. 'टक्' असा आवाज येतो तो याचाच.

आता स्विच थोडा फिरलेला असला तर काय होईल? मधले अंतर सारखे राहणार नाही. पिन एका जिभेच्या जवळ येईल, दुसरीपासून लांब जाईल. जवळच्या बाजूला रस्त्याने जरासे वळण घेतले तरी पिन जिभेपलीकडे जाऊन परत येईल आणि इशारा वेळेआधी विझेल. लांबच्या बाजूला काटकोनात वळलात तर ठीक. पण पसरट वळणावर पिन जिभेपर्यंत पोचणारच नाही आणि दिवा लुकलुकत राहील. तेव्हा एक बाजू घाईची आणि दुसरी विसराळू असेल तर स्विचमध्ये बिघाड शोधत बसू नका. मध्य चुकलेला आहे. दोन्ही बाजू राहून जात असतील तर जिभा झिजल्या आहेत, किंवा पिन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हा भेद ज्याला कळला त्याचे निम्मे काम झाले, आणि नव्या स्विचचे पैसे बहुधा वाचले.

१९९८ च्या सुमारास आमच्या युनियनकडे एक प्रकरण आले. दुसऱ्याची टॅक्सी रोजच्या भाड्याने चालविणारा एक ड्रायव्हर. पसरट वळणावरून डावीकडे आला, सरळ रस्त्याला लागला आणि डावा दिवा लुकलुकतच राहिला. पुढे डावीकडच्या गल्लीतून एक स्कूटरवाला बाहेर पडत होता. त्याने दिवा पाहिला, टॅक्सी गल्लीत वळणार असे धरले आणि गाडी रस्त्यावर घातली. त्याच्या पायाचे हाड मोडले. मालक म्हणाला, ड्रायव्हर बेफिकीर, दुरुस्तीचा खर्च त्याच्या माथी. ड्रायव्हर सांगे, साहेब, हा दिवा पंधरा दिवस असाच करतो आहे, दोनदा सांगितले. कोणी ऐकले नव्हते, कारण सांगणारा गाडीचा मालक नव्हता.

आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला : "स्विच बदलला तेव्हा गाडी कुठे उभी होती?" गॅरेजच्या पोऱ्याने सांगितले, फुटपाथला लावून, गल्लीत जागा नव्हती. झाले! फुटपाथला लावलेल्या गाडीची पुढची चाके डावीकडे वळलेली होती. ज्याने स्विच बसविला त्याने पिन दिसली तिथे मध्य धरला आणि स्विचचा पट्टा नळीवर आवळला. म्हणजे वळलेल्या गाडीचा मध्य त्याने सरळ गाडीला दिला. चाक सरळ केल्याबरोबर पिन उजवीकडे सरकली आणि डावी जीभ लांब पडली.

मिस्त्रीने पट्टा सैल केला, स्विच दोन बोटे फिरविला, पुन्हा आवळला. काम पंधरा मिनिटांचे. मालकाने खर्चाची मागणी सोडली; ड्रायव्हरच्या बुडालेल्या दिवसांची कमाई मात्र कोणी दिली नाही. ड्रायव्हरने समोरचा लुकलुकणारा दिवा पाहायला हवा होता, हे मी त्या वेळीही म्हटले आणि आजही म्हणतो. परंतु बारा तास उन्हात गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांवर सगळा भार टाकायचा आणि पट्टा आवळणाऱ्याला, तक्रार ऐकून सोडून देणाऱ्याला कोणी विचारायचेही नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

आता प्रत्यक्ष काम. आपल्यापैकी ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी लक्ष द्यावे. बाकीच्यांनी मला दहा मिनिटे सोसावे.

गाडी सपाट जागी घ्या आणि दहा-वीस हात अगदी सरळ चालवून, चाकाला धक्का न लावता थांबवा. बॅटरीची वायर काढा. हॉर्नची तार स्टिअरिंगच्या पोटातूनच जाते. आता स्टिअरिंग सरळ दिसते का पाहा. दिसत असेल तरी लगेच विश्वास ठेवू नका, कारण कोणीतरी ते काढून, दोन दाते सरकवून, सरळ दिसेल असे पूर्वीच बसविले असण्याचा संभव आहे. दांड्यावर छत्तीस दाते असतील तर एका दात्याला दहा अंश फरक पडतो. डोळ्याला हे लपविणे सोपे असते.

म्हणून मध्य खालून शोधायचा. पुढची चाके जमिनीवरून उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि निम्मे करा. तो स्टिअरिंगच्या पेटीचा मध्य. त्या जागी पुढची चाके सरळ उभी आहेत का? नसतील तर टाय रॉडमध्ये दोष आहे, आणि तो तिथेच काढला पाहिजे. एक जेवढा लांब करायचा तेवढाच दुसरा आखूड, म्हणजे चाकांचे आपसातले अंतर बिघडत नाही. हे महत्त्वाचे अशासाठी की, या जुन्या पेट्यांत ढिलाई सर्वांत कमी ठेवलेली असते ती मधल्या जागी. पेटी मध्यावर नसताना गाडी सरळ चालविली तर हातात स्टिअरिंग हलते, आणि लोक पेटी घट्ट करीत सुटतात. मग वळणावर ती अडकते. इंडिकेटरच्या तक्रारीपासून निघालेला माणूस अशा वेळी फार मोठ्या धोक्यापाशी पोचतो, आणि पोचला हे बरेच झाले.

पेटी मध्यावर, पुढची चाके सरळ. आता स्टिअरिंग काढायचे असेल तर पुलर लावा. हातोड्याने ठोकणारे मी पाहिले आहेत. ठोका खालच्या बेअरिंगवर बसतो. काढण्यापूर्वी दांड्यावर आणि बुंध्यावर पंचाने एकेक खूण करावी. ही खूण करायला अर्धे मिनिट लागते, तरी दहांतले नऊ जण ती करीत नाहीत. स्टिअरिंग सरळ बसवून झाल्यावर सगळ्यांत शेवटी स्विच. पट्टा सैल करा, पिन दोन जिभांच्या मध्ये येईल असा तो फिरवा, आणि हलका आवळा. काही गाड्यांत स्विचला नळीतल्या भोकात बसणारी खुंटी असते. तिथे फिरवायला जागाच नसते आणि दोष खालीच शोधावा लागतो. ती खुंटी कापून टाकण्याची हुशारी कोणी करू नये.

मग वरचे-खालचे अंतर. स्विच स्टिअरिंगला फार जवळ असेल तर घासतो, करकर आवाज येतो; लांब असेल तर पिन जिभेला लागतच नाही. दुसऱ्या गाडीचा स्विच आणून बसविलेला असेल तर हे हमखास घडते. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आता असेच इकडचे तिकडे मिळतात, त्याला इलाज नाही. पण नट आवळण्यापूर्वी हे अंतर पाहून घ्यावे. स्टिअरिंगचा नट मात्र पुस्तकात सांगितल्या जोराने, पूर्ण आवळल्याशिवाय गाडी एक हातभरही पुढे नेऊ नये. इंडिकेटर बिघडला तर इशारा चुकेल. हा नट सुटला तर स्टिअरिंग हातात येईल.

बॅटरी जोडून गाडी रिकाम्या मैदानावर न्या. डावा इशारा देऊन स्टिअरिंग हळूहळू फिरवा आणि कुठल्या जागेपासून परतताना 'टक्' होते तिथे कडेवर खडूने रेघ ओढा. मग उजवीकडे तसेच. दोन्ही रेघा मध्यापासून सारख्या अंतरावर आल्या की पट्टा पुरता आवळा आणि पुन्हा एकदा दोन्हीकडे फिरवून पाहा, कारण आवळताना तो केसभर सरकतो.