हिरव्या दिव्याचा हिशेब

नागपंचमीची मिरवणूक निघाली, म्हणजे शिराळ्याच्या रस्त्याचा धनी पायीं चालणारा माणूस असतो. मोटार त्याच्यासाठीं थांबते. परंतु तोच माणूस पेठनाक्यावरून पुण्यास अथवा मुंबईस गेला, कीं चौकाच्या कडेला मुकाट्यानें उभा राहतो. तेथें त्याला समोरच्या हिरव्या दिव्याचाच काय तो आधार. तो आधार कितपत खरा, हें मोजूनच पाहिलें पाहिजे.

लंडनमध्यें १८६८ सालीं पार्लमेंट-भवनापाशीं वाहतुकीचा पहिला दिवा उभारला गेला. पायीं जाणाऱ्यांस निर्धोकपणें रस्ता ओलांडतां यावा, हाही त्यामागें हेतु होता. पुढें वाहनें वाढलीं आणि दिव्याचा हिशेब वाहनांच्या सोयीनें होऊं लागला.

पादचाऱ्याच्या दिव्याची मुदत ठरवितांना माणूस सेकंदास १.२ मीटर चालतो, असें सामान्यतः धरतात. १४ मीटर रुंदीचा रस्ता त्या गतीनें सुमारें १२ सेकंदांत ओलांडतां येतो. पण मुलाकडे मुंबईस आलेली, काठी टेकीत चालणारी शिराळ्याची एखादी आजी सेकंदास ०.८ मीटरच चालत असेल, तर तिला साडेसतरा सेकंद लागतील. बाराव्या सेकंदास दिवा बदलला, तर तिची साडेचार मीटरांच्या आसपास वाट उरलेली असते, आणि वाहनें तर सुटलेलीं असतात! हा दोष आजीच्या पायांचा नव्हे, हिशेबाचा आहे.

उपाय अवघड नाहींत. मुदत मंद चालणाऱ्याच्या पायानें मोजावी. रस्ता फार रुंद असल्यास मध्यें उभें राहण्यास सुरक्षित जागा ठेवावी, म्हणजे तो दोन टप्प्यांत ओलांडतां येईल. वाहनें सुटण्यापूर्वीं पादचाऱ्यास कांहीं सेकंद आधीं निघूं द्यावें. विशेषतः डावीकडे वळणाऱ्या वाहनांस सदैव मोकळीक असूं नये. कारण पादचाऱ्याचा दिवा हिरवा असतांनाही तींच त्याच्या अंगावर येतात. आणि वाहन पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडेच थांबलें पाहिजे. पट्ट्यांवर उभी राहिलेली मोटार आजीला वाहनांच्या गर्दींत ढकलते.

२०२० सालीं मुंबईच्या दादर भागांतील पादचारी-दिव्यांवर स्त्रीची आकृति झळकूं लागली. रस्ता सर्वांचा आहे, असें त्या चित्रानें सांगितलें. दिव्याची मुदतही तेंच सांगूं लागेल, तेव्हां शिराळ्याची आजी लेकाचा हात न धरतांही पलीकडे पोहोंचेल.