छपरावरील सोलर पॅनेलचे वय

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)
वक्ते : सहशिक्षक, माध्यमिक विद्यालय (बी. ए., बी. एड.)



आज मी मुलांच्या अभ्यासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहसाहेबांची सूचना होती. परंतु अलीकडे पालक मला शाळेच्या फाटकाशी थांबवून निराळाच प्रश्न विचारतात. "सर, छपरावर सोलर बसवावे म्हणतो. पण ते टिकेल किती?" फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने घरगुती सोलरची सूर्यघर योजना सुरू केली आणि 3 किलोवॉटच्या संचास 78,000 रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. मी भूगोलाचा शिक्षक, विजेचा तज्ज्ञ नव्हे. तथापि आमच्या घरात या बाबतीत एक प्रसंग घडला. त्यानंतर मी हा विषय समजून घेतला, तो आपणांसमोर मांडतो.

माझी थोरली बहीण, आमची आपा, आमच्याच तालुक्यात राहते. दुल्हाभाई आखातात नोकरीला आहेत. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून डिसेंबर 2019 मध्ये आपाच्या घरावर 3 किलोवॉटचा संच बसला. पहिली दोन वर्षे बिल अगदी नाममात्र येई. नंतर ते हळूहळू चढू लागले. 2023 च्या एप्रिलमध्ये आपाने एका विक्रेत्यास बोलाविले. तो वर गेला, पाच मिनिटांत खाली आला आणि म्हणाला, "बाई, पॅनेल म्हातारी झाली. निदान निम्मी तरी बदला." खर्च लाखाच्या घरात जात होता. आपाजवळ तेवढे पैसे होते, पण ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. तिने मला फोन केला. "यंदा पॅनेल बदलू, की पैसे तसेच ठेवू?" एवढाच तिचा प्रश्न होता, आणि मला त्याचे उत्तर येत नव्हते.

उत्तर निघाले ते भाचीकडून. ती म्हणाली, "मामू, माझ्याकडे जुने आकडे आहेत." 2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा वेळ जात नाही म्हणून ही मुलगी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवर दिसणारे दिवसाचे युनिट भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहीत असे. आपा जुनी कॅलेंडरे टाकत नाही. ती त्याच खिळ्याला मागे टांगलेली असतात. आम्ही एप्रिल 2020 चे पान काढले. निरभ्र दिवशी 13 युनिट. मग त्या आठवड्यातील आकडे पाहिले. तसाच निरभ्र दिवस, पण युनिट साडेनऊ. म्हणजे तीन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून अधिक घट.

आता प्रश्न असा, की एवढी घट वयामुळे होऊ शकते काय?

सिलिकॉनची सोलर घटपट्टी 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यात हलणारा, घासणारा एकही भाग नाही. आपल्या गिरणीचा पट्टा किंवा पंपाचे बेअरिंग झिजते, तशी ती झिजत नाही. म्हातारे होते ते तिच्याभोवतीचे आवरण. वर काच, मागे प्लॅस्टिकचा पडदा आणि मधे घटपट्ट्यांना धरून ठेवणारा चिकट पारदर्शक थर, अशी पॅनेलची रचना असते. उन्हाने तो थर वर्षानुवर्षांत पिवळसर पडतो, मागच्या पडद्याला चिरा जातात, दमट हवा आत शिरते आणि तांब्याच्या पट्ट्यांचे सांधे गंजतात. हे सर्व घडते, पण सावकाश घडते. जगभरातील मोजमापांचा आढावा 2012 साली अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात वार्षिक घटीचा मध्यम आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. पहिल्या वर्षी दोनएक टक्के अधिक जातात असे धरले, तरी 100 चा माल पंचविसाव्या वर्षी 86 च्या आसपास उरतो.

याचे एक उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे आहे. तेथे 1982 साली 10 किलोवॉटचे छोटे सौर केंद्र उभे राहिले आणि त्याची वीज सार्वजनिक जाळ्यात सोडण्यात आली. संशोधक त्यातील पॅनेलांची मोजणी सातत्याने करीत आले. 35 वर्षांनंतर पाहता त्यांपैकी अर्ध्याहून अधिक पॅनेले मूळ शक्तीच्या 80 टक्क्यांहून अधिक वीज देत होती. काहींचा रंग बदलला होता, काही बरीच मंदावली होती. पण बहुतेक कामावर हजर होती.

परंतु मित्रहो, लुगानोची हवा आणि आपली हवा एक नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तील सौर संशोधन केंद्राने गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेसमवेत 2013 पासून देशभरातील पॅनेलांची पाहणी केली. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. थंड प्रदेशापेक्षा उष्ण प्रदेशात पॅनेल लवकर थकते. आणि मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पांपेक्षा छपरावरच्या लहान संचांची घट अधिक असते. सूर्य तर दोघांवर सारखाच तळपतो. मग फरक कोठे पडतो? मालाची निवड, बसविण्याची पद्धत आणि नंतरची निगा, यांत मोठा फरक पडतो. मोठ्या प्रकल्पात रोज आकडे पाहणारा माणूस असतो. आपण मात्र एकदा संच बसविला की छपराकडे पाहत नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅनेलवर लिहिलेली शक्ती घटपट्टीचे तापमान 25 अंश असताना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज कमी होते. वैशाखातील दुपारी पॅनेल 60 अंशांपर्यंत तापले, तर 14 टक्के वीज तेथेच गेली. ही घट तात्पुरती असते, तिला म्हातारपण म्हणता येत नाही. मात्र वर्षानुवर्षे तापत राहिलेले पॅनेल लवकर म्हातारे होते. म्हणून पत्र्याला चिकटवून पॅनेल बसवू नये; खालून वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

आता पुन्हा आपाच्या छपराकडे वळू. तीन वर्षांचे वय धरले, तर चारपाच टक्क्यांची घट समजण्यासारखी होती. उरलेल्या वीसबावीस टक्क्यांचा चोर दुसरा होता. भाची आणि मी सकाळी वर गेलो. शेजारच्या फणसाची फांदी 2019 मध्ये भिंतीच्या आत होती. आता तिची सावली साडेदहापर्यंत दोन पॅनेलांवर पडत होती. पॅनेले एका माळेत जोडलेली असतात. पाण्याच्या पाइपवर एके ठिकाणी पाय पडला म्हणजे पुढचे पाणी अडते, तसा दोन पॅनेलांवरच्या सावलीचा फटका सबंध माळेला बसू शकतो. शिवाय खालच्या कडेला धुळीचा थर वाळून बसला होता आणि कावळ्यांची विष्ठा जागोजाग होती. अशा डागाखालची जागा प्रमाणाबाहेर तापून पॅनेल कायमचे बिघडू शकते. शेजाऱ्यांनी समजुतीने फांदी छाटू दिली. आम्ही भल्या पहाटे मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पॅनेले धुतली. तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. संध्याकाळी भाचीने आकडा वाचला : 12.4.

वयाचा वाटा एवढाच होता, 0.6 युनिट. पॅनेले तीच राहिली आणि प्रवेशाचे पैसेही जागेवर राहिले.

पालकांनी ध्यानात ठेवण्यासारख्या काही गोष्टी सांगतो. पॅनेल 25 वर्षे चालेल, पण इन्व्हर्टर साधारणतः 10 ते 15 वर्षे टिकतो. म्हणून त्याच्या बदलीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकावी. हमी दोन प्रकारची असते. एक मालातील दोषाची, ती मुदतीने कमी. दुसरी वीज देण्याच्या क्षमतेची, ती बहुधा 25 वर्षांची. दोन्ही कागद आणि प्रत्येक पॅनेलचा क्रमांक जपून ठेवावा. रंगारी, गवंडी अथवा डिशवाला यांना पॅनेलवर पाय ठेवू देऊ नये. काच शाबूत दिसते, पण आतील घटपट्टीला केसासारखी चीर जाते. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये. खाडीकाठच्या घरांनी सांगाड्याचा गंज दरवर्षी पाहावा. तारा सुटलेल्या दिसल्या, तर स्वतः हात न लावता जाणकारास बोलवावे. फुटलेले पॅनेल भंगारात देऊ नये. 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांत त्याचा समावेश झाला आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. ज्यांच्या घरी सोलर आहे, त्यांनी आज संध्याकाळपासून कॅलेंडरवर दिवसाचे युनिट लिहावेत आणि शेजारी आभाळ कसे होते तेही लिहावे. रोज जमले नाही, तर दरमहा चार निरभ्र दिवस तरी लिहावेत. पुढील वर्षी त्याच महिन्याचे पान काढून ताडून पाहावे. एकदोन युनिटांची चढउतार हवेमुळे होते, तिने घाबरू नये. घट मोठी असेल, तर प्रथम सावली, धूळ आणि इन्व्हर्टर पाहावा. वयाला दोष शेवटी द्यावा. आपाच्या घरी विक्रेत्याच्या बोलण्याला उत्तर देता आले, ते आठवीतल्या मुलीने पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांमुळे. तिने ते लिहिले नसते, तर मीही विक्रेत्याच्या म्हणण्याला मान डोलावली असती.

ती भाची आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. कॅलेंडरवरील आकडे आता आपा स्वतः लिहिते.