खाणकामगारांचे बावटे आणि लंडनचा जून

लंडनच्या उन्हाळ्यात निघणारा समलिंगींचा अभिमान मोर्चा अलीकडे कंपन्यांच्या जाहिरातींनीच अधिक सजतो. २९ जून १९८५ रोजी मात्र त्याच्या अग्रभागी दक्षिण वेल्सचे खाणकामगार आपले बावटे घेऊन चालत होते. वर्षभराचा संप मार्चमध्येच मोडला होता. तरीही ते ऋण फेडायला आले होते. संपकाळात मार्क ॲश्टन व माइक जॅक्सन यांच्या समलिंगी गटाने ड्युलाईस खोऱ्यासाठी डबे फिरवून निधी जमवला होता.

गाणीबजावणी हे चळवळीचे काम नव्हे, असे मानणाऱ्यांनी डिसेंबर १९८४ आठवावा. कॅम्डनमध्ये ब्रॉन्स्की बीट हा वाद्यवृंद याच निधीसाठी गायला. त्यांची ‘द एज ऑफ कन्सेंट’ ही तबकडी अवश्य ऐकावी. तिच्या वेष्टनावर देशोदेशींची समलिंगी संबंधांची संमतिवये छापली होती. ब्रिटनमध्ये पुरुषांसाठी ते २१ होते!

मॅथ्यू वॉर्कस यांचा ‘प्राइड’ (२०१४) हा चित्रपट शाखाशाखांत दाखवावा. तो हसवतो, गहिवरवतो. परंतु १९८७ मध्ये अवघ्या २६व्या वर्षी एड्सने गेलेले ॲश्टन कम्युनिस्ट कार्यकर्ते होते, हे तो जवळजवळ झाकतो. तेवढे प्रेक्षकांना आधी सांगावे. आणि हेही, की १९८५ च्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव संमत झाला, तेव्हा खाणकामगार संघटनेची मते त्याच्या बाजूने पडली होती.