एका कान्याची गोष्ट

आज हप्ता आणि व्याज बाजूला ठेवू. आज एका कान्याबद्दल बोलू. काना म्हणजे अक्षरापुढची उभी रेघ.

मागच्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या एका गटाच्या नव्या सचिवाने फळ्यावर लिहिलं, "हप्ता भर. सही कर. वेळेवर ये." पोरगी हुशार, अक्षरही छान. पण तिच्या सासूच्या वयाच्या एक बाई उठल्या त्या उठल्याच. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "हप्ता भरतो ना बाई, एकही चुकला नाही. पण घरी ऐकतो, बांधीवर ऐकतो, हे कर, ते आण. गटात तरी 'करा' म्हणा."

पोरीने घरात बोलतात तसंच लिहिलं होतं. म्हणून सगळ्यांनी मिळून नियम पाहिला. व्याकरणात याला आज्ञार्थ म्हणतात. 'भरणे' मधलं 'णे' काढा, 'भर' उरतं. ते 'तू'साठी. त्याला काना लावा, 'भरा' होतं. ते पुष्कळ जणींसाठी, आणि एकीलाच मान द्यायचा असेल तरीही. तसंच मोज, मोजा. वाच, वाचा. बस, बसा.

काही शब्द थोडे वेगळे चालतात. ये, या. दे, द्या. घे, घ्या. हो, व्हा. लिही, लिहा. 'जा' आणि 'खा' दोघींना सारखेच. तिथे मान द्यायला 'ताई' जोडा.

असा भेद आपल्याकडेच आहे असं नाही. हिंदीत कर, करो, कीजिए अशा तीन पायऱ्या आहेत. दूर स्पेनच्या भाषेत 'तू बोल' म्हणजे 'आब्ला' आणि मान देऊन 'बोला' म्हणजे 'आब्ले'. तिथेही शेवटचा एक स्वर बदलला की मान येतो.

मग 'तू' वाईट का? नाही. आईला आपण 'ये' म्हणतो, विठ्ठलाला 'धाव' म्हणतो. मैत्रिणीला 'उद्या येजो' म्हणतो, ते तर आपल्या बोलीतलं गोड बोलणं. ते सोडू नका. पण फळा आणि वही सगळ्यांची असते. तिथे लहान-मोठी, शिकलेली-न शिकलेली, सगळ्यांना एकच रूप, 'करा'.

आपली पंचसूत्री अशी लिहून पाहा. बैठक नियमित घ्या. बचत नियमित करा. गटातल्या गटात कर्ज द्या. परतफेड वेळेवर करा. हिशेब नीट लिहा. एका ओळीत एकच काम सांगा. तारीखही घाला. 'वेळेवर भरा' पेक्षा '5 तारखेपर्यंत भरा' हे लवकर कळतं, आणि मग कुणी कुणावर रागवायची वेळ येत नाही.

त्या सचिवाने फळ्यावर दोन काने वाढवले, 'ये'चं 'या' केलं, आणि स्वतः जाऊन बाईंना बोलावून आणलं. बाई आल्या. सही केली, आणि बाजूची जागा दाखवून पोरीला म्हणाल्या, "ये माय, बस इथं." ते 'ये' कुणालाच टोचलं नाही.

पुढच्या बैठकीत आपापला फळा एकदा वाचा. कुठे काना राहिला असेल, तर लावा.