जुन्या घराच्या खिडक्या
(आकाशवाणीवरील भाषण)

जुनें घर ज्यांच्या वांट्याला आलें आहे त्यांना हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. झडपा मिटत नाहींशा होतात, बिजागऱ्या गंजतात, आणि घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागतात, "काढून टाका हें लांकूड, सरकत्या खिडक्या बसवूं." पुण्याच्या शनिवार पेठेंतील आमच्या घरीं हा प्रसंग दोनदां आला. पहिल्या खेपेस मीं चूक केली. दुसऱ्या खेपेस काय केलें तें आज सांगणार आहें.

पहिली खेप २०१६ सालची. माडीवरच्या दोन खिडक्या बदलावयाच्या होत्या. तीन कंत्राटदारांचीं दरपत्रकें आलीं. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकवीत आलेला मी; तीन आंकडे पाहिले, सर्वांत लहान निवडला आणि मोकळा झालों. जुलैच्या पहिल्याच झडीला पाणी आंत आलें. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळींत सांचणारें पाणी निघून जाण्यासाठीं तिच्या बाहेरच्या अंगास बारीक भोकें ठेवावीं लागतात. तीं आमच्या खिडक्यांना नव्हतीं. खिडकीखालच्या फडताळांत वडिलांच्या हातच्या हिशेबाच्या वह्या होत्या. शाई उतरून पानेंच्या पानें निळीं झालीं. हें नुकसान कोणत्याहि दरपत्रकांत लिहिलेलें नव्हतें.

२०२३ सालीं उरलेल्या सहा खिडक्यांची पाळी आली. तेव्हां दर विचारण्यापूर्वीं मीं प्रथम खिडक्यांकडे पाहिलें. आमच्या जुन्या खिडकीला चार झडपा; दोन वर, दोन खालीं. खालच्या मिटल्या कीं रस्त्यावरून घर दिसत नाहीं, आणि वरच्या उघड्या ठेवल्या कीं छताजवळची तापलेली हवा निघून जाते. चारी उघडल्या तर सबंध खिडकी मोकळी. दोन तावदानांची सरकती खिडकी मात्र कितीहि उघडली तरी अर्धीच उघडते. चार फूट रुंद व साडेचार फूट उंच खिडकी १८ चौरस फुटांची. वारा येणार तो ९ चौरस फुटांतून. वैशाखांत हा हिशेब अंगाला कळतो.

मग लांकूड पाहिलें. चौकटीच्या तळाशीं पेचकस टोंचावा. कुजलेल्या किंवा वाळवीनें खाल्लेल्या लांकडांत तो सहज शिरतो. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटलें त्या दिवशीं आमच्या तळमजल्याच्या खिडक्या पाण्यांत होत्या. तरी त्यांचें सागवान आजहि टणक निघालें. सहापैकीं चार खिडक्यांना नव्या बिजागऱ्या, दोन-चार नव्या पट्ट्या आणि जवसाचें तेल एवढेंच हवें होतें. हें मला सांगितलें तें एका म्हाताऱ्या सुतारानें. नव्या खिडक्या विकणारा तें कशाला सांगेल?

उरल्या दोन. पश्चिमेच्या, पावसाच्या तोंडच्या. त्यांच्या चौकटी पोखरलेल्या. त्यांचें सारें काम मीं एका कागदावर लिहून काढलें आणि तोच कागद तिघां कंत्राटदारांना दिला. माप भिंतींतील मोकळ्या जागेचें धरावयाचें. झडपा बिजागरीच्या, बाहेर उघडणाऱ्या. कांच ५ मिलिमीटर. आंतून डांसांची जाळी. जुनी चौकट काढणें, राडारोडा उचलणें, गिलावा नीट करणें कोणाकडे. कर दरांत धरलेला कीं वेगळा. पैसे केव्हां व किती.

असा कागद नसला तर दर कसा फसवितो पाहा. समजा, एकजण चौरस फुटाला ५०० रुपये सांगतो आणि दुसरा ६५०. पहिला स्वस्त वाटतो. परंतु तो भिंतीवर चढणाऱ्या पट्टीसकट साडेचार फूट बाय पांच फूट असें माप धरतो, म्हणजे साडेबावीस चौरस फुटांचे ११,२५० रुपये. शिवाय जुनी चौकट काढण्याचे १,५०० निराळे. एकूण १२,७५०. दुसरा १८ चौरस फुटांचे ११,७०० घेतो आणि त्यांतच सर्व करून देतो. दरपत्रकांत दर मोठ्या अक्षरांत असतो, माप बारीक.

एक प्रश्न मात्र मीं तोंडीच विचारला. चौकट काढल्यावर वरची भिंत कशावर उभी राहणार? जुन्या भिंतींत खिडकीच्या डोक्यावर पुष्कळदां आडवें लांकूड घातलेलें असतें. तें पोखरलेलें असलें तर वरचा भार चौकटीवरच आलेला असतो. दोघे म्हणाले, "काळजी करूं नका, गुरुजी." तिसऱ्यानें शिडी मागितली, वर चढून थोडा गिलावा खरवडला आणि म्हणाला, "आधीं टेकू द्यावे लागतील. वरचें लांकूड गेलेलें आहे. त्याचे पैसे वाढतील." त्याचें दरपत्रक तिघांत मोठें झालें. काम मीं त्यालाच दिलें.

शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यावयाचा, ही अट त्यानें कुरकुरत मान्य केली. मृगांत एके रात्रीं पश्चिमेकडून चांगली झड आली. मी विजेरी घेऊन उठलों आणि दोन्ही खिडक्यांखालीं हात फिरवून पाहिला. फरशी कोरडी होती. सकाळीं त्याचे पैसे पोंचते केले.