नवख्यांना सामावून घेणारे नृत्य

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात संध्याकाळी गावच्या सभागृहात फिडल वाजू लागते आणि स्त्रीपुरुष दोन लांब ओळींत समोरासमोर उभे राहतात. गोव्यात ज्यांनी मांडो पाहिला आहे, त्यांना हे दृश्य अगदीच परके वाटणार नाही. हे कॉन्ट्रा नृत्य. दोन जोडप्यांचा एक गट. चौसष्ट मात्रांचे एक आवर्तन. आणि आवर्तन संपताच प्रत्येक जोडपे एक जागा सरकून नव्या शेजाऱ्यांसमोर येते.

येथे प्रवेशाला परीक्षा नसते. वीस वर्षे नाचणारी बाई आणि त्याच दिवशी आलेला संकोची तरुण एकाच ओळीत असतात. तो चुकला की चौघांचा गट विस्कटतो. मग तो कानकोंडा होतो आणि कदाचित पुन्हा फिरकत नाही. केवळ सोपे ठेवावे, तर जाणते कंटाळतात. एकाच खोलीत दोन इयत्ता शिकवणाऱ्या मास्तरांना ही अडचण समजावून सांगायला नको!

२०२१ मध्ये दिवंगत झालेले मॅसॅच्युसेट्सचे डेव्हिड केनर यांची 'द बेबी रोज' ही रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. प्रारंभी शेजाऱ्याशी झोका व गिरकी, सोळा मात्रा. मग चौघांचे हात धरून पाऊण वर्तुळ आणि जोडीदाराभोवती पाठीला पाठ देऊन एक फेरी. नंतर जोडीदाराशी तीच झोका-गिरकी. शेवटी स्त्रिया मधून पलीकडे जातात आणि चौघे डावे हात मध्ये गुंफून चांदणीसारखे फिरतात.

यातली खुबी गिरकीत आहे. ती बारा मात्रांची असली, तरी मागे पडलेल्याने आठच मात्रा फिरून वेळ गाठली तर कोणाचे काही बिघडत नाही. जाणता मात्र पूर्ण बारा मात्रांचा आनंद लुटतो. त्यातल्या त्यात अवघड असलेली स्त्रियांची अदलाबदल गिरकीनंतरच येते, म्हणजे सर्वजण आपापल्या जागी सावरलेले असतात. पुढे चांदणीत हात गुंफलेलेच असल्यामुळे गोंधळलेला मनुष्य सहसा भरकटत नाही. ती सोडताच नवा शेजारी समोर येतो. तो जाणता असला, तर गिरकीतच नवख्याला योग्य दिशेला तोंड करून देतो.

प्रारंभी पुकारणारा प्रत्येक चाल संगीतावाचून एकदा चालवून घेतो. नंतर त्याच्या सूचना हळूहळू विरळ होत जातात आणि अखेरीस केवळ फिडल आणि पावलांचा आवाज उरतो.