टेकूचा पाय
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी माझी ओळख ‘रिकामा गोल चुकवणारा’ अशी करून दिली गेली, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. नववीतला आंतरशालेय सामना. बॉल माझ्या डाव्या पायाशी, गोलकीपर जागेवर नाही, आणि मी बॉल उजव्या पायावर घ्यायला वळसा घालत बसलो. तेवढ्यात त्यांचा डिफेंडर आला. हरलो. पीटीचे सर एक शब्दही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आमचा फुटबॉल गिरगावच्या चाळीत, रबरी बॉलवर झाला. बॉल कठड्यावरून खाली गेला की ज्याने मारला त्याने जिना उतरायचा. त्यामुळे भरवशाचा एकच पाय वापरायची सवय लागली.

आज मी परळला संध्याकाळी मुलांना फुटसाल शिकवतो. हा खेळही जागेच्या अडचणीतूनच आला. १९३० साली उरुग्वेतल्या मोंतेविदेओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएत तो सुरू केला. पाच-पाच खेळाडू, साधारण ४० बाय २० मीटरचं मैदान, चार नंबरचा कमी उसळणारा बॉल. खरं तर तो कडक फ्लोअरवर खेळायचा. आम्हाला टर्फ मिळतं, तेही तासाच्या भाड्याने. एवढ्याशा जागेत तुमचा एकच पाय चालतो हे समोरच्याला दोन मिनिटांत कळतं. तो ती बाजू अडवून उभा राहतो आणि तुम्ही रेषेकडे ढकलले जाता.

म्हणून पहिल्या वर्षी मी नियम केला: महिनाभर फक्त डावा पाय. लालबागहून येणारा एक दहा वर्षांचा मुलगा, बॅचमधला सर्वांत चपळ, मारताना दर वेळी पडायचा. मुलं हसायची. तिसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. फोनवर त्याची आई म्हणाली, “तो म्हणतो, मला खेळताच येत नाही.”

त्या रात्री मी त्याचे मोबाईलवरचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. इतके दिवस मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होतो. तो पडत होता उजव्यामुळे! जो पाय कायम मारत आला, त्याला एकट्याने अंगाचा भार पेलायची सवय नसते. तो बॉलच्या फूटभर मागे पडायचा, गुडघा ताठ, अंग मागे झुकलेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. आधी त्याची माफी मागितली. मग चाळीच्या पॅसेजमध्ये, बॉलशिवाय, नुसतं उजव्या पायावर उभं राहून डावा सावकाश झुलवायचा. मग उजवा पाय बॉलच्या बरोबरीने, बोटं लक्ष्याकडे, गुडघा किंचित वाकलेला. भिंतीवर हलका पास. परत आलेला बॉल डाव्याच तळव्याखाली थांबवायचा. शेजारच्या आजी आवाजाला कंटाळल्या, पण दार उघडं ठेवून बघतही राहिल्या.

तो परत आला. सक्तीचा नियम मी काढून टाकला. आता सरावात डाव्या पायाचा गोल दोन धरतो, उजव्याला बंदी नाही. गेल्या महिन्यात त्याने डाव्याने मारलेला बॉल खांबाला लागून बाहेर गेला. पण तो पडला नाही.

शनिवारी संध्याकाळी आमचा सराव असतो, कुणीही या. सर, तुम्ही तर याच. आणि माझी ओळख करून देणाऱ्याने बूट घेऊन यावं.